मैत्रेयाची शंका

‘सुंठीवाचून खोकला गेला’ ही म्हण आज निराळ्याच प्रसंगी वापरली जाते. नको असलेला पाहुणा आपण होऊन निघून गेला, किंवा एखादे भांडण कोणी न मिटविता मिटले, की ती ओठावर येते. परंतु तिचा शब्दशः अर्थ घेतला, तर तीत वैद्यकशास्त्रातला एक फार जुना आणि फार अवघड प्रश्न दडलेला आहे असे दिसून येईल. सुंठ न घेता खोकला जात असेल, तर सुंठ घेतल्यावर जो खोकला गेला तो सुंठीनेच गेला असे कशावरून म्हणावयाचे? आणि सुंठ घेऊनही ज्याचा खोकला गेला नाही, त्याचा हिशेब कोणत्या बाजूस मांडावयाचा? कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, तर फांदी कावळ्याच्या भाराने मोडली असे कोणी शहाणा म्हणत नाही. मग वैद्याने मात्रा द्यायला आणि ताप उतरायला एकच गाठ पडली, तर त्याचे श्रेय मात्रेला का द्यावे?

हा प्रश्न चरकसंहितेत विचारलेला आहे, आणि तोही कसलाच आडपडदा न ठेवता. संहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषधद्रव्य, परिचारक आणि रोगी. प्रत्येकाचे चार याप्रमाणे सोळा गुण होतात, आणि या सोळा गुणांनी युक्त अशी चिकित्सा आरोग्य देते असा सिद्धांत आहे. चौघांत वैद्य श्रेष्ठ. माती, दांडा, चाक आणि सूत कितीही चांगली असली तरी कुंभारावाचून मडके घडत नाही, तसे वैद्यावाचून बाकीचे तीन पाद व्यर्थ होत, असे तेथे म्हटले आहे. अध्याय संपतो तेव्हा वैद्याची प्रतिष्ठा आता पक्की झाली असे वाचकास वाटते. तोच दहाव्या अध्यायाच्या आरंभी मैत्रेय उभा राहतो आणि म्हणतो, हे खरे नव्हे.

मैत्रेयाचे म्हणणे असे. चांगला वैद्य, चांगले औषध, दक्ष परिचारक, आणि सांगितल्याप्रमाणे वागणारा रोगी असा सगळा योग जुळून आलेले काही रोगी बरे होतात हे खरे; पण तसाच सगळा योग जुळून आलेले काही मरतातही. उलट ज्यांच्यापाशी ना पैसा ना परिचारक, ज्यांना अडाणी वैद्याने औषध दिले, असे काही रोगी बरे होतात, आणि तसलेच काही मरतात. मग औषध आणि अनौषध यांत भेद तो काय राहिला? खड्ड्यात किंवा सरोवरात ओतलेले ओंजळभर पाणी, वाहत्या नदीत पडलेली धार, धुळीच्या ढिगावर टाकलेली मूठभर धूळ, यांच्याइतकाच औषधाचा परिणाम!

या युक्तिवादाची बांधणी लक्ष देऊन पाहण्यासारखी आहे. उपचार झाले आणि बरा झाला. उपचार झाले आणि मेला. उपचार झाले नाहीत आणि बरा झाला. उपचार झाले नाहीत आणि मेला. आजचा संख्याशास्त्रज्ञ दोन उभ्या आणि दोन आडव्या रकान्यांचा जो तक्ता मांडतो, त्याची चारही घरे मैत्रेयाने इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत मोजून दाखविली आहेत. नाहीत ते फक्त त्या घरांत लिहावयाचे आकडे. अग्निवेश, भेल, हारीत इत्यादी आत्रेयाच्या सहा प्रसिद्ध शिष्यांत मैत्रेयाचे नाव नाही. शंका बाहेरच्याने काढली, पण ग्रंथकाराने ती गाळली नाही. स्वतःच्या व्यवसायाच्या मुळावरच घाव घालणारा प्रश्न आपल्याच ग्रंथात, तोही पहिल्या दहा अध्यायांच्या आत, नोंदवून ठेवावयाचा, हे धैर्य थोड्या शास्त्रांनी दाखविले आहे.

आत्रेयाचे उत्तर तितकेच ध्यानात ठेवण्याजोगे आहे. तो म्हणतो, मैत्रेया, तू चुकीचा विचार करतोस. जो उपचाराविना बरा झाला, तो पूर्ण उपचार मिळते तर अधिक लवकर आणि अधिक सुखाने बरा झाला असता. पडलेला मनुष्य स्वतः उठू शकत असला तरी एखाद्या बलवानाने हात दिला तर तो चटकन आणि कमी श्रमाने उठतो, तसेच हे होय. जो उपचार होऊनही मेला, त्याचा रोगच असाध्य होता; सगळे रोग उपायांनी बरे होणारे नसतात, आणि मरणोन्मुखास उठविण्याचे सामर्थ्य ज्ञानी वैद्यालाही नाही. अभ्यासू धनुर्धर फार दूर नसलेल्या मोठ्या लक्ष्यावर बाण सोडतो तेव्हा तो चुकत नाही. तसा परीक्षा करून साध्य रोगास हात घालणारा वैद्य चुकत नाही.

उत्तर सुंदर आहे, पण त्यात एक चोरवाट आहे हे मान्य केले पाहिजे. बरा झाला तर वैद्यामुळे, मेला तर रोग असाध्य होता म्हणून, असे ठरविल्यावर वैद्य कधी चुकावयाचाच नाही! अशा उत्तराने मैत्रेयाचे तोंड बंद होईल. शंका मात्र शिल्लक राहील. आत्रेयाला ही वाट दिसली असावी असे पुढील मजकुरावरून वाटते. कारण लगेच तो रोगाचे चार वर्ग सांगतो : सुखसाध्य, कृच्छ्रसाध्य, याप्य म्हणजे आयुष्यभर सांभाळीत न्यावयाचा, आणि उपचार करूच नयेत असा. आणि बजावतो की ही निवड चिकित्सेच्या आधी झाली पाहिजे. असाध्य रोगाला हात घालणाऱ्या वैद्याचा पैसा, विद्या आणि यश तिन्ही बुडतात. रोगी मेल्यावर रोग असाध्य होता असे म्हणणे सोपे. रोगी समोर जिवंत बसला असता हा जगेल की जाणार हे आधी सांगणे कठीण. इंद्रियस्थानाचे बाराच्या बारा अध्याय या एका कामासाठी, म्हणजे मृत्यूची पूर्वचिन्हे ओळखण्यासाठी, खर्ची घातले आहेत. त्यांतील पुष्कळ चिन्हे, विशेषतः स्वप्नांची आणि वैद्याला बोलवावयास आलेल्या दूताची, आज कोणी मानणार नाही. परंतु आधी बोलून स्वतःला अडकवून घेण्याची पद्धत मात्र खऱ्या शास्त्राची आहे.

आता वैद्य हा निर्णय करीत असे तरी कसा? विमानस्थानाच्या चौथ्या अध्यायात रोग जाणण्याची तीन साधने दिली आहेत : आप्तांचा उपदेश, प्रत्यक्ष आणि अनुमान. क्रमही तोच. आधी जाणत्यांचे म्हणणे ठाऊक असले पाहिजे. नाही तर डोळ्यांसमोर काय आहे हेच कळत नाही. मग स्वतःच्या इंद्रियांनी पाहावयाचे. येथे एक गमतीचा अपवाद आहे. रोग्याच्या शरीराची परीक्षा सर्व इंद्रियांनी करावी, पण जिभेने नव्हे, असे चरक सांगतो. मग शरीराला आलेली चव कळावी कशी? ती अनुमानाने. अंगावरच्या उवा निघून जाऊ लागल्या तर शरीर विरस झाले असे समजावे, माश्या घोंघावू लागल्या तर गोड झाले असे समजावे. आणि रक्त पडत असेल तर ते शुद्ध जीवरक्त आहे की रक्तपित्ताचे दूषित रक्त आहे, हा संशय फेडावयाचा असेल तर ते कुत्र्याकावळ्यांपुढे टाकावे : त्यांनी खाल्ले तर शुद्ध, न खाल्ले तर रक्तपित्त. आजच्या वाचकाला हसू येईल. पण हसण्यापूर्वी एवढे पाहावे की, येथे वैद्य स्वतःच्या मतावर विसंबत नाही. ज्याला वैद्याच्या मताशी काही कर्तव्य नाही अशा प्राण्याकडून तो साक्ष घेतो. प्रयोगशाळा नसलेल्या माणसाने केलेला तो प्रयोगच होय. सुश्रुताने रोगज्ञानाची सहा साधने मानली, पाच इंद्रिये आणि सहावे म्हणजे रोग्याला विचारलेला प्रश्न. रोगी काय सांगतो याला ज्ञानसाधनाची पायरी देणे ही लहान गोष्ट नाही. रोग्याचे पहिले वाक्य पुरे होण्यापूर्वीच औषधाची चिठ्ठी लिहावयास घेणारे वैद्य आणि डॉक्टर दोन्ही पंथांत आढळतात.

या तीन साधनांखेरीज सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात चरकाने एक चौथे साधन मानले आहे, आणि ते त्याचे स्वतःचे म्हणावे असे आहे. त्याचे नाव युक्ति. पाणी, नांगरट, बी आणि ऋतू यांचा संयोग झाला की पीक येते. खालची अरणी, वरची अरणी आणि घुसळणारा मनुष्य एकत्र आले की अग्नी उत्पन्न होतो. यांतले एकटे कोणतेही कारण पुरे पडत नाही. अनेक कारणांच्या जुळणीतून एक कार्य कसे उद्भवते हे पाहणारी बुद्धी ती युक्ति. पुढे आठव्या शतकात शांतरक्षित या बौद्ध तत्त्वज्ञाने या युक्तीचा समाचार घेतला आणि ते स्वतंत्र प्रमाण नव्हेच असे प्रतिपादिले. तर्कशास्त्र्याच्या दृष्टीने त्याचे बरोबर असेल. पण तर्कशास्त्र्यासमोर धूर आणि अग्नी एवढ्या दोनच वस्तू होत्या. वैद्यासमोर म्हातारा रोगी, पावसाळ्याचे दिवस, अपुरे अन्न, मंद अग्नी, जुना खोकला आणि नवा ताप हे सगळे एकाच वेळी होते, आणि त्याला तिन्हीसांजेच्या आत काही तरी ठरवावयाचे होते.

म्हणूनच रोगापेक्षा रोग्याची परीक्षा चरकाने अधिक विस्ताराने सांगितली. प्रकृती, विकृती, धातूंचे सारत्व, बांधा, अवयवांचे प्रमाण, सात्म्य, मनाचे बळ, पचविण्याची शक्ती, श्रमाची शक्ती आणि वय अशा दहा अंगांनी रोगी पाहावयाचा. कशासाठी? तर याला औषध किती सोसेल हे कळावे म्हणून. निदानस्थानाच्या आठव्या अध्यायात तर स्पष्ट म्हटले आहे की एकाच कारणातून अनेक रोग होतात, अनेक कारणांतून एकच रोग होतो, एक लक्षण अनेक रोगांत सापडते, आणि एक रोग दुसऱ्याचे कारण बनतो. लक्षण दिसले की रोगाचे नाव, आणि नाव कळले की औषध, अशी सरळ रेघ ओढता येत नाही हे त्या लोकांना पक्के ठाऊक होते. सूत्रस्थानाच्या अठराव्या अध्यायात याहून पुढचे पाऊल आहे. रोगाचे नाव सांगता आले नाही तर वैद्याने लाजू नये, कारण सगळ्या विकारांना ठरलेली नावे नाहीतच. दोष, स्थान आणि कारण ओळखून उपचारास लागावे.

मग निर्णय चुकला तर? याचीही सोय आहे, आणि या साऱ्या विचारपद्धतीचे मर्म तेथेच आहे. ज्या रोगाची लक्षणे गूढ आहेत, तो उपशय आणि अनुपशय यांनी पारखावा असे चरक म्हणतो. उपशय म्हणजे औषध, आहार किंवा आचार यांनी रोग्याला वाटलेला आराम. सांधे सुजून आखडलेला रोगी आला तर वैद्यपरंपरेत नेहमी दिले जाणारे उदाहरण असे, की त्याला तेलाचे मर्दन करून पाहावे. उतार पडला तर वाताचा विकार. दुखणे उलट वाढले तर आमवात. म्हणजे येथे औषध हेच प्रश्न विचारण्याचे साधन होते आणि रोग्याचे शरीर उत्तर देते. सूत्रस्थानाच्या चोविसाव्या अध्यायात हीच रीत अधिक नेटकी आहे. शीत, उष्ण, स्निग्ध, रूक्ष असे परस्परविरुद्ध उपचार योग्य रीतीने करूनही जो साध्य रोग हटत नाही, तो रक्तातून उपजला आहे असे समजावे. अपयशातून ज्ञान काढण्याची ही कला आहे. ज्या वैद्याला आपले औषध चुकले हे कबूल करावयाचे नाही, त्याला ती साधणार नाही.

वात, पित्त आणि कफ या कल्पना आजच्या शरीरक्रियाशास्त्राला मान्य नाहीत, आणि त्या रक्ताच्या थेंबात दाखविताही येत नाहीत. हे झाकून ठेवण्यात आयुर्वेदाचे हित नाही. परंतु गृहीतके एक आणि त्यांवरून विचार करण्याची शिस्त दुसरी. एखाद्या जुन्या नावाड्याचा नकाशा चुकीचा असू शकतो, आणि तरीही रात्रीच्या रात्री खोली मोजीत, वारा पाहात, किनारा चाचपीत जाण्याची त्याची सवय शिकण्यासारखी असू शकते.

ही शिस्त पुढे कायम टिकली असे म्हणता येत नाही. खुद्द प्राचीनांतच दोन सूर होते. सुश्रुतसंहितेत म्हटले आहे की ज्या औषधांचे परिणाम प्रत्यक्ष दिसतात आणि प्रसिद्ध आहेत, त्यांची तर्काने चिकित्सा करू नये. हजार कारणे दिली तरी अंबष्ठादि गणातील औषधे रेचक व्हावयाची नाहीत. या म्हणण्यात तथ्य आहे, कारण पोकळ युक्तिवादाने द्रव्याचा गुण बदलत नाही. पण त्याच वाक्याचा आधार घेऊन पुढे शंकेलाच दार बंद करता आले. याच्या उलट सूर चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात, म्हणजे दृढबलाने पुऱ्या केलेल्या भागात, ऐकू येतो : शास्त्रात सांगितले आहे म्हणून त्यालाच हट्टाने चिकटून बसू नये, देश, काल आणि बल पाहून स्वतःच्या बुद्धीने ठरवावे. आणि वाग्भट तर अष्टांगहृदयाच्या शेवटी जवळजवळ मिस्किलपणे विचारतो, की ऋषींनी लिहिले एवढ्यासाठीच ग्रंथ वाचावयाचा असेल तर चरक-सुश्रुत सोडून भेल का वाचीत नाही? तेलाने वात शमतो, तुपाने पित्त शमते, मधाने कफ शमतो. हे ब्रह्मदेवाने सांगितले काय आणि आणखी कोणी सांगितले काय, सांगणाऱ्यावरून गुण बदलत नाही. याच अष्टांगहृदयावर देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने ‘आयुर्वेदरसायन’ नावाची टीका लिहिली. ज्याच्या नावाने महाराष्ट्र जुन्या दगडी देवळांची बांधणी ओळखतो, तोच हा हेमाडपंत.

इसवी सनाच्या ७०० च्या सुमारास माधवाने ‘रुग्विनिश्चय’ हा ग्रंथ रचला. तो ‘माधवनिदान’ याच नावाने घरोघरच्या वैद्यांना ठाऊक आहे. चिकित्सा बाजूस ठेवून निव्वळ निदानाला वाहिलेला हा ग्रंथ फार सोयीचा ठरला. त्याची कीर्ती अरबांपर्यंत गेली, इ. स. ८५० च्या सुमारास अली अत्-तबरी याने आपल्या वैद्यकग्रंथात भारतीय वैद्यकाचा जो भाग लिहिला, त्यात चरक आणि सुश्रुत यांच्याबरोबर निदानाचाही आधार आहे. आमवाताला स्वतंत्र अध्याय प्रथम माधवानेच दिला. परंतु सोयीची किंमत मोजावी लागते. चरकाच्या संवादात शंका आणि उत्तर दोन्ही होती. येथे पाठ करावयाचे लक्षणांचे श्लोक होते. रोग्याच्या दहा अंगांपेक्षा रोगाच्या नावाला वजन आले. पुढे शार्ङ्गधराच्या ग्रंथात, १३०० च्या सुमारास, नाडीपरीक्षा आली. चरक आणि सुश्रुत यांच्यात ती नाही, हे आज पुष्कळांना ऐकून नवल वाटेल, इतकी ती वैद्यपणाची खूण होऊन बसली आहे. मनगटावर तीन बोटे ठेवून, एक शब्द न विचारता, काल रात्री काय खाल्ले ते सांगणारा वैद्य लोकांना थोर वाटतो. सुश्रुताचे सहावे साधन तेथे संपते.

तरीही जिवंतपणा अजिबात आटला नव्हता. सोळाव्या शतकात एक नवा रोग या देशात आला. चट्टे, गाठी, सांध्यांच्या वेदना, पुढे नाक झडणे. कोणत्याही संहितेत तो नव्हता. भावमिश्राने ‘भावप्रकाशा’त त्याला ‘फिरंग’ हे नाव दिले आणि कारण सरळ लिहिले : फिरंगी लोकांच्या संसर्गाने, विशेषतः स्त्रीसंगाने, होणारा हा आगंतुक रोग होय. त्याने त्याचे बाह्य, आभ्यंतर आणि उभय असे प्रकार पाडले, आणि रसकर्पूर व चोपचिनी हे उपचार सांगितले. चोपचिनी ही चीनकडून आलेली नवी मुळी. त्याच काळात गोव्यात राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ मध्ये छापलेल्या आपल्या संवादग्रंथात याच मुळीची, याच रोगासाठी चर्चा केली आहे. अठराव्या अध्यायात नाव नसलेल्या रोगाची लाज बाळगू नको असे ज्या परंपरेला सांगितले होते, तिने येथे नवा रोग पाहिला, त्याचा मार्ग ओळखला आणि परक्याचे औषधही घेतले. रसकर्पूर हे पाऱ्याचे विषारी लवण होते, आणि युरोपातले वैद्यही त्या रोगावर शतकानुशतके पाराच देत होते, ही त्या काळाची सामाईक शोकांतिका.

विसाव्या शतकात आयुर्वेदाच्या पुनरुज्जीवनाची मोठी चळवळ झाली. शंकर दाजी शास्त्री पदे यांनी १९०७ मध्ये नाशिकला वैद्यसंमेलन भरविले. मुंबईत यादवजी त्रिकमजी आचार्य यांनी चरक आणि सुश्रुत यांच्या शुद्ध आवृत्त्या निर्णयसागर छापखान्यातून काढल्या. मद्रासच्या उस्मान समितीने १९२३ मध्ये आणि चोप्रा समितीने १९४८ मध्ये अहवाल दिले. या साऱ्यांचे ऋण मोठे आहे. परंतु शुद्ध आयुर्वेद शिकवावा की मिश्र, या वादात जेवढी शाई खर्च झाली, तिच्या शतांशानेही मैत्रेयाच्या शंकेकडे कोणी वळले नाही. एका पक्षाला ती शंका विचारणे म्हणजे ऋषींचा अवमान वाटे. दुसऱ्या पक्षाला तिचे उत्तर आधीच ठाऊक असे.

वस्तुतः ही शंका एकट्या आयुर्वेदाची कधीच नव्हती. युरोपचे वैद्य न्यूमोनियाच्या रोग्यांचे रक्त काढीत, आणि जो जगला तो रक्त काढल्यामुळेच जगला असे मानीत. पॅरिसच्या पिअर लुई याने १८३५ मध्ये रोगी मोजून दाखविले, तेव्हा रक्त काढण्याचा गुण फार थोडा आहे असे उघडकीस आले. इंग्लंडात क्षयावर स्ट्रेप्टोमायसिनची परीक्षा झाली आणि १९४८ साली तिचे फलित प्रसिद्ध झाले. औषध थोडे होते, सर्वांना पुरणारे नव्हते. म्हणून कोणाला द्यावयाचे हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरविले. औषध मिळालेल्या ५५ रोग्यांपैकी सहा महिन्यांत ४ दगावले, नुसत्या विश्रांतीवर ठेवलेल्या ५२ पैकी १४. मैत्रेयाच्या चारही घरांत येथे आकडे पडले.

यातला पुढचा धडा आपल्याच देशात मिळाला. क्षयरोग्याला पौष्टिक अन्न, मोकळी हवा आणि पूर्ण विश्रांती हवी, हे चरकापासून युरोपच्या आरोग्यधामांपर्यंत सर्व आप्तांचे एकमत होते. मद्रासच्या क्षयरोग केंद्रात काही रोग्यांना आरोग्यधामात आणि काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या घरीच ठेवून एकच औषधे दिली गेली, आणि १९५९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. आरोग्यधामातल्या रोग्यांना अन्न चांगले मिळाले, विश्रांती अधिक मिळाली. तरी वर्षअखेर घरचे रोगीही जवळजवळ तितकेच बरे झाले होते. ज्या देशात लाखो क्षयरोगी आणि मूठभर खाटा होत्या, तेथे या एका मोजणीने किती घरांतले कर्ते माणूस घरात राहून वाचले असेल!

आयुर्वेदाच्या वाट्यालाही अशा मोजण्या थोड्या का होईना आल्या. भगंदरावर क्षारसूत्र बांधण्याची रीत जुनी आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने अनेक केंद्रांत तिची शस्त्रक्रियेशी तुलना केली आणि १९९१ मध्ये फलित प्रसिद्ध झाले : क्षारसूत्राने जखम भरावयास आठ आठवडे लागले, शस्त्रक्रियेने चार, पण रोग उलटण्याचे प्रमाण क्षारसूत्रात शेकडा ४ आणि शस्त्रक्रियेत शेकडा ११ होते. वैद्याला आणि शल्यविशारदाला दोघांनाही यात ऐकण्यासारखे काही होते, आणि रोग्याला निवड करावयास आधार मिळाला.

परंतु क्षारसूत्र हा एकच ठरावीक उपाय होय. चरकाचा वैद्य दहा अंगांनी रोगी पाहून प्रत्येकाला निराळे औषध देतो, ते कसे मोजावयाचे? एकच गोळी शंभर जणांना देऊन केलेली परीक्षा ही त्या गोळीची परीक्षा झाली. वैद्याच्या विचाराची नव्हे. वैद्य हा आक्षेप नेहमी घेत आले, आणि तो रास्त होता. मात्र परीक्षा टाळण्याची सबब म्हणूनही तो पुष्कळदा वापरला गेला. कोइमतूर येथे संधिवाताच्या, म्हणजे ज्याला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात त्या विकाराच्या, ४३ रोग्यांवर एक चाचणी झाली आणि तिचे वृत्त २०११ मध्ये छापून आले. तीत वैद्यांना प्रत्येक रोग्याची परीक्षा करून स्वतःच्या विचाराने औषधे निवडावयास मोकळीक होती. रोग्यांचे तीन गट होते : एकाला खरी आयुर्वेदीय औषधे आणि मेथोट्रेक्सेटच्या नावाची निर्गुण गोळी, दुसऱ्याला खरे मेथोट्रेक्सेट आणि आयुर्वेदीय औषधांसारखी दिसणारी निर्गुण द्रव्ये, तिसऱ्याला दोन्ही खरी. आपल्याला कोणते खरे मिळते आहे हे रोग्यांना ठाऊक नव्हते. तिन्ही गटांत साधारण सारखाच उतार पडला. ४३ हा आकडा लहान आहे, इतक्या थोड्यांवरून दोन उपचार तुल्यबळ आहेत असे सिद्ध होत नाही, आणि ती करणाऱ्यांनीही ती प्राथमिक चाचणी म्हणूनच मांडली. तथापि वैद्याच्या हातचा निर्णय काढून न घेताही त्याची परीक्षा घेता येते, एवढे तीत दिसून आले. मैत्रेयाच्या तक्त्यातले एक घर मात्र तेथे रिकामे राहिले. औषधाविना ठेवलेला गट त्या चाचणीत नव्हता. बोटांचे सांधे वाकडे होत चाललेल्या माणसाला निव्वळ हिशेब पुरा व्हावा म्हणून उपचाराविना महिनेच्या महिने बसवून ठेवणे, हे वैद्याला आणि डॉक्टरला दोघांनाही करवण्यासारखे नव्हते.